तिखट जेवणाबरोबर आयपीएच घ्यावी का? चार पदार्थांच्या जेवणाला बिअर कशी निवडायची?

तुम्ही पदार्थ दिलेत चार: तळलेला मासा, मिरची सढळ हाताने घातलेलं चिकन, निखाऱ्यावर भाजलेलं मटण आणि शेवटी चॉकलेट केक. पाहुणेही चारच. आणि खाली लिहिलंय, ‘तिखटाबरोबर आयपीएच (इंडिया पेल एल, कडवट प्रकारची बिअर) घ्यायची असते असं सगळे सांगतात.’ सगळे चुकीचं सांगतात, आणि हे मी दर वेळी तितक्याच पोटतिडकीने लिहितो, कारण या एका सल्ल्यापायी चांगलं जेवण आणि चांगली बिअर दोन्ही वाया जातात.

मिरचीचा तिखटपणा ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चेतवतं तो मुळात उष्णता ओळखणारा, म्हणून तोंड भाजल्यासारखं होतं. अल्कोहोलही त्याच संवेदकाला डिवचतं. आयपीएत अल्कोहोल साधारण ६ ते ७ टक्के, म्हणजे आगीत तेलच. त्यात बुडबुड्यांची चुणचुण वेगळी: कार्बन डायऑक्साइड ओलाव्यात विरघळून कार्बॉनिक आम्ल होतं आणि ते आधीच चेतलेल्या जिभेला टोचतं. आणि सगळ्यावर कडवटपणा. हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती सुगंधी फुलं; ती उकळताना त्यांच्यातल्या आल्फा आम्लांचं रूप बदलतं, त्यातून हा कडवटपणा येतो. आयपीएत तो ४० ते ७० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) असतो, जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्या बिअरमध्ये, ८ ते १५. हा कडवटपणा घशाशी बराच वेळ रेंगाळतो. मिरचीची जळजळही तशीच रेंगाळते. दोन्ही एकाच वेळी बसून राहिल्या की चिकनमधला मसाला कळत नाही आणि हॉप्सचा सुगंधही नाही.

यावर नेहमी एक उत्तर येतं: कॅप्सायसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, मग बिअरने ते धुऊन जायला हवं. विरघळतं, पण कडक अल्कोहोलमध्ये. बिअरमध्ये साधारण नव्वद टक्के पाणीच असतं, तिने धुऊन जाण्यासारखं काही होत नाही. मग हा समज टिकला कसा? तिखट पदार्थ बहुधा तेलकटही असतात. हॉप्सचा कडवटपणा आणि बुडबुडे तेलाचा थर छान कापतात, तोंड मोकळं वाटतं, आणि ती मोकळीक मिरचीवरच्या उताऱ्याच्या खात्यात जमा होते.

पटत नसेल तर पाहुणे यायच्या आदल्या दिवशी करून बघा. ६० आयबीयूच्या आसपासची आयपीए आणि व्हीट बिअर, दोन्ही ८ अंशांवर, दोन सारख्या ग्लासांत ६०-६० मिली. चिकनचा एक घास नीट चावून गिळा, वीस सेकंद थांबा, मग आयपीएचा घोट घ्या. जिभेच्या कडांवर काय होतं ते बघा: आधी क्षणभर गार, आणि लगेच मागून चटका वाढत येतो. आता कोरडा पाव खा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि तेच व्हीट बिअरबरोबर करा. इथे एक चूक हमखास होते. जळजळ साठत जाते, त्यामुळे दुसरी बिअर विनाकारण वाईट ठरते. म्हणून तासाभराने क्रम उलटा करून पुन्हा घ्या. निकाल बदलणार नाही.

चिकनबरोबर व्हीट बिअरच ठेवा. तिच्यातला केळ्या-लवंगेचा वास बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा असतो, मसाल्याला तो अंगचाच वाटतो. बाटली ओतताना शेवटचा घोटभर भाग मागे ठेवा, बाटली हलकेच गोल फिरवा आणि तळाचं यीस्ट मोकळं करून मग ते ओता. ती मिळाली नाही तर व्हिएन्ना लागर किंवा ब्राउन एल, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा पुढे असलेली आणि ३० आयबीयूच्या आतली. मिल्क स्टाउट (गोडसर काळी बिअर) दुधासारखी थंडावा देईल ही आशा मात्र नको. तिच्यात लॅक्टोज म्हणजे फक्त साखर असते. जळजळ उतरवणारं केसिन दुधातच राहतं.

मासा सोपा आहे. पिल्सनर, म्हणजे फिकट रंगाची लागर, ५ ते ७ अंशांवर. कुरकुरीत आवरणावर मीठ जरा चढं ठेवा, कारण मीठ कडवटपणा दाबतं आणि पिल्सनर गोलसर लागते. मासा बांगड्यासारखा तेलाचा असेल तर फार हॉप्सची बिअर टाळा, तोंडात धातूसारखी चव येते.

भाजलेल्या मटणाला पोर्टर, म्हणजे भाजक्या माल्टची गडद बिअर. भाजलेल्या माल्टचा आणि मटणाच्या तपकिरी कडांचा खमंगपणा एकाच प्रकारच्या रासायनिक क्रियेतून येतो, म्हणून जोडी जमते. मटण करपू देऊ नका. काळी कडा आणि भाजका माल्ट मिळून नुसती राख लागते.

आता तापमान, कारण निम्म्या जोड्या इथेच फसतात. बर्फासारखी गार बिअर म्हणजे जीभ बधिर आणि वास बंद. फ्रिज ४ अंशांवर असेल तर व्हीट बिअर दहा मिनिटं आधी बाहेर काढा, पोर्टर पाऊण तास आधी. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका: बर्फाचा थर फेस उसळवतो आणि वितळून बिअर पातळ करतो. ग्लासात साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. तपासायचं असेल तर ग्लास ओला करून आत बारीक मीठ भुरभुरा. जिथे मीठ चिकटणार नाही तिथे तेलकटपणा आहे.

केकबरोबर नियम एकच, बिअर केकइतकी तरी गोड हवी. नाहीतर तीच बिअर पाणचट आणि कडू लागते. इम्पीरियल स्टाउट (कडक काळी बिअर) घ्या, १२ अंशांवर, माणशी १०० मिली पुरे, कारण ती ८ ते १२ टक्क्यांची असते. बाकीच्या बिअर माणशी दीडशे मिलीच ओता, नाहीतर मटणापर्यंत पोट भरलेलं असेल.

हे राहिलं: ज्याला जळजळच आवडते त्याने खुशाल आयपीए घ्यावी, त्याला माझा विरोध नाही. धूसर दिसणारी हेझी आयपीए जिभेला कमी कडू लागते, पण अल्कोहोल तितकंच. पाहुण्यांपैकी कोणी गाडी चालवणार असेल तर त्याला बिनअल्कोहोलची व्हीट बिअर द्या, तिखटाबरोबर ती खऱ्या बिअरपेक्षाही सौम्य जाते. ग्लूटेन चालत नसेल त्याला मात्र यातलं काहीच देऊ नका.

आणि सगळ्या जेवणाला मिळून एकच प्रकार आणायचा असेल तर व्हिएन्ना लागर आणा, आणि केक वाढण्याआधी ग्लास उचलून ठेवा.