नाव सांगणार नाही, पण त्याआधी काय करायचं?

प्रश्न : वाळूउपशाची बातमी दिली म्हणून पोलिसांची नोटीस आली आहे. माहिती कोणी दिली ते विचारतात. कायद्यानं मला नकार देता येतो का? (तालुका वार्ताहर)

पक्कं संरक्षण नाही, हे आधीच सांगतो. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं कलम १५(२) सूत्र उघड करण्याची सक्ती करू देत नाही, पण ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. ठाण्यात किंवा कोर्टात त्याचा आधार मिळत नाही. अशिलानं वकिलाला सांगितलेलं साक्ष कायदा झाकतो, सूत्रानं पत्रकाराला सांगितलेलं झाकत नाही. विधी आयोगानं १९८३ मध्ये, ९३ व्या अहवालात, त्यासाठी कलम १३२-अ सुचवलं होतं. २०२३ मध्ये साक्षीचा अख्खा कायदा नव्यानं लिहिला गेला, तरी ते आलं नाही. याचा मला मनापासून राग आहे. मात्र पेगासस या फोनमधल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. तुमच्या वकिलांनी तो आदेश पुढे ठेवावा.

ठाण्यात एकटे जाऊ नका. लेखी उत्तर द्या : बातमीची जबाबदारी माझी, नाव सांगणार नाही. ‘आठवत नाही’ म्हणू नका. मोबाइल मागितला तर लेखी आदेश मागा. जप्त केलाच तर पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू (आतला डेटा नंतर बदलला तर ओळखता येईल असा अंक-अक्षरांचा संच) नोंदवायला लावा आणि प्रत घ्या.

प्रश्न : सरकारी कागद छापताना नाव-सही झाकली की पुरतं ना? (पत्रकारितेची विद्यार्थिनी)

नाही. हे मी एका भल्या माणसाच्या नुकसानीतून शिकलो. एका कार्यालयातल्या लिपिकांनी मला टिपणीची झेरॉक्स दिली होती. नाव, सही, शिक्का सगळं झाकून आम्ही कागदाचा फोटो पहिल्या पानावर छापला. आवक क्रमांकाशेजारी पेन्सिलीची बारीकशी खूण राहिली. ती खूण ते स्वतः करायचे आणि फाइल साहेबांकडे पाठवताना खोडायचे. म्हणजे झेरॉक्स कुठल्या टेबलावरून निघाली, हे कुणाला विचारायचीही गरज उरली नाही. आठवड्यात त्यांची जिल्ह्याबाहेर बदली झाली. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते आजही सलतं.

ब्रिटनमध्ये १९८३ साली ‘गार्डियन’नं ग्रीनहॅम कॉमनच्या क्रूझ क्षेपणास्त्रांविषयीचा गोपनीय कागद छापला. कोर्टाच्या आदेशानंतर वृत्तपत्रानं तो परत केला. त्यावरच्या खुणांवरून झेरॉक्स मशीन सापडलं आणि परराष्ट्र खात्यातली २३ वर्षांची कारकून सारा टिसडॉल हिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. वृत्तपत्रानं तिचं नाव सांगितलंच नव्हतं. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

म्हणून कागदाचा फोटो छापू नका, मजकूर स्वतः टाइप करा. प्रत ठेवायची की नाही ते छापण्याआधीच ठरवा. नोटीस आल्यावर कागद फाडणं हा गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न : संपादक सूत्राचं नाव मागतात. सांगावं का? (उपसंपादक)

शब्द देण्याआधी ठरवायचं असतं हे. ‘संपादकांना सांगेन, चालेल ना?’ असं सूत्रालाच विचारा. अमेरिकेत मिनेसोटातल्या दोन वृत्तपत्रांच्या संपादकांनी बातमीदारांनी दिलेला शब्द मोडून डॅन कोहेन या सूत्राचं नाव छापलं. कोहेन यांची नोकरी त्याच दिवशी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ मध्ये निकाल वृत्तपत्रांच्या विरोधात लागला.

प्रश्न : सूत्रानंच फसवलं तर? (एक वाचक)

१८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात दिवाण बर्व्यांविरुद्धची पत्रं छापली गेली, ती बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. कागद हातात आला म्हणजे खरा ठरला, असं नाही. दुसऱ्या वाटेनं पडताळल्याशिवाय छापू नये. सूत्राची नकळत चूक झाली असेल तर खुलासा आपण छापायचा, नाव द्यायचं नाही. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर माझ्या मते शब्द संपतो. पण ही अट पहिल्याच भेटीत, चहाचा कप खाली ठेवण्याआधी, स्पष्ट सांगितलेली हवी.