गृहभेटीला निघण्याआधी

सोलापूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी गृहभेटींची प्रश्नावली वाचली. वय, शिक्षण, कुटुंबाचा प्रकार, गरजा, सगळे रकाने आहेत. त्यात मी पेन्सिलीने एक वाढवला आहे : या घरात कोणाचं कोणावाचून अडतं? आधी तो भर.

कुटुंबाच्या प्रकारापाशी तू अडखळशीलच. इरावती कर्वे यांनी संयुक्त कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्या अशा : एक छप्पर, एका चुलीवरचं जेवण, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा. आता सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जा. विडी कामगार बायकांसाठी तिथे १०,००० घरं उभी राहिली. दोन भावांची दारं वेगळी, गॅस वेगळे, म्हणून तू 'विभक्त' लिहून मोकळी होशील. पण आईच्या गोळ्यांचे पैसे दोघे मिळून भरत असतील, एकीची पोरं दुसरीच्या घरी जेवत असतील, तर तेही लिहायलाच हवं. 'एकपालक' लिहितानाही त्या बाईच्या पाठीशी माहेर आहे का, ते विचार. लेकराच्या वाढीत त्याने फार फरक पडतो.

विडीच्या घरात जरा जास्त वेळ बस. बाईच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून हात थांबत नाहीत. झोळीची दोरी पायाला बांधलेली असते. सासू विड्यांची तोंडं मिटते. थोरली शाळेतून येते नि दप्तर ठेवून थेट दोरा हातात घेते. पुस्तकात माणसाच्या वाढीच्या ज्या अवस्था वेगवेगळ्या प्रकरणांत वाचल्यास, त्या इथे एकाच खोलीत एकमेकींना धरून बसल्या आहेत. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस बाळाच्या मेंदूसाठी आणि उंचीसाठी मोलाचे. सहा महिने पुरे झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न लागतं. ते भरवायला हात मोकळा कोणाचा? बहुधा आजीचा, नाहीतर थोरलीचा. बाळाची गरज अशी तिच्या अभ्यासाच्या तासातून भागते. मला या मुलीची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण रकान्यांत ती कुठेच दिसत नाही.

मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या, जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ अवस्था तू पाठ केल्या आहेस. त्याचं एक म्हणणं मात्र घट्ट धरून ठेव : लहानाला मोठ्याचा आधार लागतो, तसंच आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीव मोठ्यालाही लागते. मागावर जन्म घालवलेले आजोबा नातवाला अंगणवाडीत सोडायला जातात, ते या भुकेपोटीच.

आणि मानसशास्त्रज्ञ मास्लोचा तो गरजांचा पिरॅमिड : तळाशी भूक, तिच्यावर बाकीच्या गरजा. त्याच्या १९४३च्या लेखात आकृतीच नाही, आणि गरजांचा क्रम ताठर नसतो हेही त्याने लिहून ठेवलं आहे. पोट अर्धं ठेवून मुलीच्या क्लासची फी भरणारी आई तुला साखर पेठेत भेटेल. तिला तक्त्यात बसवत बसू नकोस, तिने काय बाजूला सारलं ते लिही.

विड्या द्यायला बायका कधी जातात ते आधी विचारून घे आणि ती वेळ टाळ. तेलुगू येणारी मैत्रीण सोबत ने. आजीबाई मराठीत उत्तर देतात, पण मोकळं बोलतात ते तेलुगूत. पाच वर्षांखालच्या मुलांचं वय महिन्यांत लिही, नाहीतर वजनाचा तक्ता भरता येणार नाही. पहिल्या चार-पाच घरांच्या नोंदी झाल्या की कच्च्याच घेऊन ये.

तुझ्या बाई