रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली, आता खानापूरच्या भजनी मंडळांचे जुने प्रोजेक्ट उघडतील का?

आज उघडतील. मालक बदलला म्हणून तुमच्याकडचं व्हर्जन एका रात्रीत बंद पडत नाही. खरी अडचण पीसी बदलताना येते: लायसन्स तपासणारा कंपनीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाला असेल तर नव्या मशीनवर लायसन्स चढत नाही. ॲपलने 2002 मध्ये लॉजिक हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घेतलं आणि विंडोजवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. उलट गिटार बनवणाऱ्या गिब्सनने 2017 मध्ये थांबवलेलं केकवॉक हे असंच सॉफ्टवेअर बँडलॅब कंपनीने 2018 मध्ये घेऊन चक्क फुकट दिलं. म्हणून चिडून लगेच दुसरीकडे उडी मारू नका.

ऑटो-अपडेट बंद करा, सध्याचा इन्स्टॉलर वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. मग प्रत्येक ट्रॅक 24 बिट वेव्ह ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढा (एक्सपोर्ट), सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून. नाहीतर मागाहून येणारे टाळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भलत्याच जागी बसतात. पखवाज आणि पेटी दोनदा काढा, इफेक्टसकट आणि कोरी, कारण इफेक्ट देणारं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) पुढे मिळेलच असं नाही. 48 किलोहर्ट्झला मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी घेतो, जागेची काळजी नको. भजनात लय चढत जाते, तेव्हा क्लिकवर (सॉफ्टवेअरच्या ठोक्यावर) रेकॉर्ड केलं असेल तर मिडी फाइलही काढा, म्हणजे आवाजाऐवजी सूर-तालाच्या सूचनांची फाइल. टेम्पोचे बदल त्यातूनच सोबत येतात.