एआय एजंटला बाहेरचं ॲड-ऑन जोडण्याआधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या ईमेलसाठी एजंटला (आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआयला) एक एमसीपी सर्व्हर, म्हणजे बाहेरची साधनं किंवा ‘टूल’ पुरवणारं ॲड-ऑन, जोडायचा आहे, गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर त्याला भरपूर स्टार (लोकांच्या पसंतीच्या खुणा) आहेत, कोडही सगळ्यांना पाहता येतो, मग एवढं पुरे का? नाही, पुरे नाही. विषय ईमेलचाच आहे, म्हणून आधी पोस्टमार्कचं प्रकरण सांगतो.

पोस्टमार्क ही ईमेल पाठवण्याची सेवा. त्यांच्या एमसीपी सर्व्हरचा खरा कोड गिटहबवर होता. तो उचलून कुणा तिऱ्हाईताने पोस्टमार्क-एमसीपी याच नावाने एनपीएमवर, म्हणजे तयार कोड जिथून इन्स्टॉल होतो त्या भांडारावर, पॅकेज टाकलं. पहिल्या 15 आवृत्त्या बिनबोभाट चालल्या. सप्टेंबर 2025 मध्ये 1.0.16 आली आणि तिच्यात एक ओळ वाढली: एजंट जो ईमेल पाठवेल, त्याची बीसीसी (इतरांना न दिसणारी) प्रत पॅकेज टाकणाऱ्याच्या पत्त्यावर. ‘कोई सिक्युरिटी’ या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी हे पकडलं. मग त्या माणसाने एनपीएमवरून पॅकेज काढून टाकलं, पण ज्यांच्या मशीनवर ते आधीच बसलं होतं तिथे प्रती जातच राहिल्या.

आता यात स्टार कशाचे मोजणार? गिटहबवरचा कोड एकाचा, इन्स्टॉल होणारं पॅकेज दुसऱ्याचं. आणि 1.0.15 कुणी प्रामाणिकपणे, ओळ न ओळ वाचली असती, तरी त्याने ‘ठीक आहे’ असंच सांगितलं असतं. म्हणून मी रिपॉझिटरी (गिटहबवरचा कोडसाठा) वाचून थांबत नाही. एनपीएमवरची फाइल इन्स्टॉल न करता उतरवून घेतो, उघडतो आणि तीच वाचतो. कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘लेटेस्ट’ ठेवत नाही, तपासलेल्या आवृत्तीचा आकडा लिहितो. नवी आवृत्ती आली की जुनीशी ताडून फरक पाहतो. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचं काम असतं, आणि पोस्टमार्कच्या बाबतीत ती एक ओळ अशा ताडणीत सरळ दिसली असती.

पण कोड वाचताना सहज निसटणारी एक जागा आहे, आणि एजंटच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी तिचीच वाटते: टूलचं वर्णन. साध्या लायब्ररीत वर्णन म्हणजे नुसती माहिती, ते वाचून काही चालत नाही. इथे ते वर्णन मॉडेल वाचतं आणि सूचना समजून पाळू शकतं. इन्व्हेरियंट लॅब्स या सुरक्षा कंपनीने एप्रिल 2025 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. टूल होतं दोन संख्यांची बेरीज करणारं. वर्णनात मात्र लिहिलेलं की आधी वापरकर्त्याची एसएसएच की (दुसऱ्या मशीनमध्ये शिरण्याची गुप्त किल्ली) वाच, ती एका जादा पॅरामीटरमध्ये (टूलला माहिती देण्याच्या रकान्यात) भर आणि त्याला याबद्दल बोलू नकोस. स्क्रीनवर माणसाला हे पूर्ण वर्णन दिसतही नव्हतं.

म्हणून सर्व्हरला टूलची यादी मागायची आणि आलेलं उत्तर कच्चं, जसंच्या तसं वाचायचं. टूलची वर्णनं, पॅरामीटरची नावं, त्यांची वर्णनं, सगळं. डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं लपवता येतात, ती छोट्या स्क्रिप्टने शोधावी लागतात. ‘हे टूल वापरण्याआधी अमुक कर’ अशा धाटणीचं वाक्य दिसलं, तर मी ते ॲड-ऑन तिथेच बाजूला ठेवतो. आणि सर्व्हर दुसऱ्याच्या मशीनवर चालत असेल तर आज वाचलेलं वर्णन उद्या बदलू शकतं. त्याचा हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा ठसा) जपून ठेवा, रोज ताडून पाहा.

इतकं करूनही प्रामाणिक ॲड-ऑनमधून माहिती फुटते. मे 2025 मध्ये इन्व्हेरियंटनेच गिटहबच्या एमसीपी सर्व्हरबाबत दाखवलं की सार्वजनिक रिपॉझिटरीत परक्याने लिहिलेला इश्यू (तक्रार किंवा सूचनेची नोंद) वाचून एजंट खासगी रिपॉझिटरीतला मजकूर बाहेर मांडू शकतो. सर्व्हरच्या कोडमध्ये कुणी काही दडवलेलं नव्हतं. खासगी माहिती, परक्याचा मजकूर आणि बाहेर पाठवण्याची वाट, या तीन गोष्टी एका एजंटकडे एकत्र आल्या की धोका, ही मांडणी सायमन विलिसन या प्रोग्रामर-ब्लॉगलेखकाची आहे. ईमेलच्या एजंटकडे तिन्ही असतात, तेही पहिल्याच दिवसापासून. तुमच्या जागी मी त्याला फक्त मसुदा करण्याची परवानगी देईन, ‘पाठवा’ माणसाने दाबायचं. सर्व्हर कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या बंदिस्त जागेत), त्यातून फक्त मेल सेवेच्याच पत्त्यावर बाहेर जाता येईल असा. पहिला आठवडा खऱ्या खात्याऐवजी खोट्या पत्रांचं खातं द्या आणि बाहेर कुठे कुठे जोडणी होते ते लॉगमध्ये बघत राहा.

आणि प्रश्न विचारेपर्यंत जोडून झालं असेल, तर आज इन्स्टॉल झालेली आवृत्ती पाहा. काही संशयास्पद निघालं तर पॅकेज काढून थांबू नका. त्याला दिलेलं टोकन (खात्यात शिरण्याची डिजिटल किल्ली) रद्द करून नवं काढा, आणि त्या काळात मेलमधून गेलेले पासवर्ड व रिसेटच्या लिंक कुणाच्या खात्यांच्या होत्या ते शोधून त्यांना आजच कळवा.