धावण्याचा चारशेवीस हिशेब

दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पार पडली की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येऊ लागते: नियमित धावायचे आहे, पण नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर यांतून वेळच उरत नाही. कांदिवलीहून रोज नरिमन पॉइंटला जाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका लेखापालांची हकिगत त्यांची ओळख कळणार नाही अशा बेताने सांगतो.

पहाटे पाचला उठून रोज तासभर धावायचे, असा त्यांचा संकल्प असे. रात्री घरी पोहोचायलाच उशीर होत असल्याने एखादी पहाट हुकायचीच, आणि ती हुकली की उरलेला आठवडा सोडून देऊन ते पुढच्या सोमवारची वाट पाहत.

"मंगळवार हुकला, तर बुधवारी काय अडते?" मी विचारले.

"सर, मग त्याला नियमित कसे म्हणायचे?"

"आणि वीसच मिनिटे धावलात तर?"

"ती स्वतःचीच फसवणूक झाली."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा, म्हणजे त्रासामागचे हट्टी, टोकाचे विचार तपासून पाहण्याच्या पद्धतीचा माणूस आहे. त्यामुळे वेळापत्रक आखून देण्याचा सोपा मार्ग मी टाळला, कारण अडचण घड्याळात नसून त्यांच्या हट्टात होती. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मी त्यांच्यासमोर ठेवली: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे धावण्यासारखा जोमदार व्यायाम करावा. "आता तुमची मागणी मांडा," मी म्हटले. साठ गुणिले सात करून ते थबकले आणि मोठ्याने हसले. "चारशेवीस! म्हणजे फसवणूक इथे आहे. पंचाहत्तर पुरत असताना मी चारशेवीस मागतो आणि हाती शून्य घेऊन घरी जातो." हे वाक्य मी सुचवले असते तर त्यांनी मान डोलावली असती, इतकेच, हिशेब त्यांचा त्यांनी केला, म्हणून तो त्यांना पटला.

मग वेळ सापडायला फारसे कष्ट पडले नाहीत. बसायला जागा मिळावी म्हणून संध्याकाळी चर्चगेटला ते एरवीही एक-दोन गाड्या सोडतच होते. बूट आणि कोरडा टी-शर्ट ऑफिसच्या कपाटात ठेवून, आठवड्यातून तीन संध्याकाळी, कामावरून सुटताच मरीन ड्राइव्हवर पंचवीस मिनिटे, असे ठरले. मार्चअखेरच्या कामात सगळे वार हुकले, तरी एप्रिलमध्ये ते एका बुधवारीच पुन्हा धावू लागले.

आपल्या दिवसात अशी वाया जाणारी वेळ कुठे आहे, हे आधी पाहावे आणि धावणे तिथेच जोडावे. सुरुवातीला थोडे चालणे, थोडे धावणे असेच ठेवावे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यासाठी पर्यायही आताच ठरवावा. या गृहस्थांनी समुद्राला मोठी भरती असलेल्या दिवसांसाठी ऑफिसच्या इमारतीचे जिने नक्की केले आहेत, आणि तिथेही पंचवीसच मिनिटे.