तेच सोनं, त्याच वाट्या: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत लॉकरमधल्या भारी दागिन्यांबद्दल कुणी विचारलेलं नाही. आई, आजी, वडील रोज वापरायचे त्या वस्तू पुन्हा वापरात कशा आणायच्या, हेच बहुतेकांना हवं आहे. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

आईचं मंगळसूत्र आम्हा दोघी बहिणींकडे आलं आहे. दोन वाट्या, चार सोन्याचे मणी, काळी पोत. दोरा पार जीर्ण झाला आहे. मोडून दोन नवीन करावीत का?
*एक वाचक, सांगली*

मोडू नका. जुन्या लहान वाट्या पातळ पत्र्याच्या असतात, त्यांत सोनं थोडंच भरतं. त्यातून घट (आटवताना-घडवताना कमी होणारं सोनं) गेली, वर नवी घडणावळ द्यावी लागली की हाती काहीच उरत नाही आणि आईच्या वाट्याही जातात. एकेक वाटी आणि दोन-दोन मणी वाटून घ्या. गाठवायला काही अडचण येत नाही. एक वाटी माहेरची, एक सासरची, अशी रीत असल्यामुळे घरातल्या कुणाला ती वेगळी करणं खटकू शकतं, तेवढं आधी बोलून घ्या. खटकत असेल तर एकीने दोन्ही वाट्या ठेवाव्यात आणि दुसरीने मणी व काळी पोत घेऊन मनगटात घालण्याजोगं करून घ्यावं.

पटवेकऱ्याकडे, म्हणजे मणी ओवून गाठवणाऱ्याकडे, जाण्याआधी सगळं ताटात काढा, फोटो घ्या, सोन्याचे मणी मोजा आणि सोन्याचं वजन सराफाच्या काट्यावर करून लिहून ठेवा. मग वाटीवरची नळी, म्हणजे ज्यातून दोरा जातो तो भाग, उजेडात पाहा. सगळ्यात आधी झिजते ती हीच. कड पात्यासारखी पातळ झाली असेल तर सोनाराकडून आधी डाक (धातू वितळवून दिलेला जोड) लावून घ्या. ओवल्यानंतर आच दिली तर दोरा जळतो, हे सांगूनही काही जण उलट क्रमानं काम करतात.

काळे मणी काचेचे. कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण घालून धुवा, पूर्ण वाळवा आणि टवका उडालेले मणी बाजूला काढा. दोरा कातरतो तो याच मण्यांच्या धारेनं. जुन्या मण्यांचा आकार नव्यांशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून भर घालायचे नवे मणी मानेच्या मागच्या बाजूला ओवायला सांगा.

दोरा की तार? रोज घालायच्या आखूड मंगळसूत्राला दोराच बरा. झोपेत, वाकताना तार त्याच त्या जागी दुमडत राहते आणि एक दिवस न सांगता तुटते. दोरा आधी सैल पडतो, म्हणजे निदान सूचना तरी देतो. हलकं ताणल्यावर दोन मण्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट दिसली की गाठवायला टाका. रोज अंगावर असेल तर वर्षातून एकदा लागतंच. घाम, तेल आणि अत्तर ही कारणं आहेतच, पण कडेवरच्या बाळाचा हात हे सर्वांत मोठं.

वडिलांचं एचएमटी जनता, चावीचं घड्याळ. बरीच वर्षं बंद आहे. काच ओरखडलेली, तबकडी पिवळट. मुलाला रोज वापरायचं आहे. चावी देऊन बघू का?
*एक वाचक, नाशिक*

नको. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तशात चाललं तर चाकांच्या बारीक टोकांची झीज होते आणि मग साध्या सफाईचं काम सुट्या भागांच्या शोधात अडकतं. एचएमटीनं 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली. घड्याळाची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रानं जानेवारी 2016 मध्ये घेतला. त्यामुळे भाग मिळतात ते जुन्या साठ्यातले किंवा दुसऱ्या घड्याळातून काढलेले.

यंत्रघड्याळाचं काम करणारा कारागीर शोधा. त्याच्यासमोर मागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो घ्या. यंत्रच बदललं जाण्याचे प्रकार होतात, फोटो असला की प्रश्न उरत नाही. काम सांगताना शब्द नेमके वापरा: सगळं सुटं करून सफाई, नवं तेल, लागलीच तर मुख्य स्प्रिंग. तबकडी रंगवून घेऊ नका. नवी अक्षरं जाड येतात आणि वडिलांनी पाहिलेलं तोंडच बदलतं. काच मात्र खुशाल बदला. ती अ‍ॅक्रिलिकची असते, हलके ओरखडे तर ब्रासोचा थेंब मऊ कापडावर घेऊन गोल घासल्यावर जातात (धातूच्या कडेला आधी चिकटपट्टी लावा). पट्टा घेताना तो जिथे अडकतो त्या दोन शिंगांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्या. जुनं बक्कल नव्या पट्ट्याला बसत असेल तर बसवून घ्या.

मुलाला एवढं शिकवा: रोज सकाळी एकाच वेळी, हातातून काढून, अडेपर्यंत चावी द्यायची. अडलं की थांबायचं. दिवसाला अर्धा-एक मिनिट पुढे-मागे होणं या वयाच्या घड्याळाला शोभतं. अचानक कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुधा चुंबकाचा परिणाम असतो. फोनच्या कव्हरमधलं चुंबक त्याला पुरतं, आणि कारागीर ते मिनिटभरात काढून देतो. पाण्यापासून लांब ठेवा.

आजीच्या दोन पाटल्या, मिळून 30 ग्रॅम. तीन नातींना अंगठ्या करायच्या आहेत. सराफ म्हणतात, बदलून नवीन घ्या. आम्हाला आजीचंच सोनं हवं आहे.
*एक वाचक, पुणे*

मोठ्या पेढीत मोड (जुना दागिना) घातली की तिची किंमत खात्यात जमा होते, अंगठ्या साठ्यातल्या मिळतात आणि आजीचं सोनं शुद्धीकरणाला जातं. यात फसवणूक नाही, त्यांचा व्यवहारच तसा आहे. तेच सोनं हवं असेल तर ऑर्डरनं घडवणारा, तुमच्यासमोर मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) आटवायला तयार असलेला सोनार हवा.

आधी पाटली भरीव आहे की लाखेची ते बघा. आकाराच्या मानानं हलकी, टिचकी मारल्यावर बद्द वाजणारी, आतल्या अंगाला बारीक भोक असलेली, तर लाख आहे. तसं असेल तर 30 ग्रॅम हे सोन्याचं वजन नव्हे आणि पुढचा हिशेब लाख काढल्यावरच्या वजनावर करायचा. शुद्धतेचं मशीन फक्त वरचा थर वाचतं. म्हणून आटवल्यानंतर लगडीची (ओतलेल्या सोन्याच्या कांडीची) दोन्ही बाजूंनी तपासणी करून घ्या. घेताना 22 कॅरट असलेली जुनी पाटली आटवल्यावर कमी भरते, कारण डाकेत हीण (इतर धातूंची भेसळ) जास्त असतं.

समजा पाटली भरीव निघाली आणि कस, म्हणजे शुद्धता, 88 टक्के आला. 15 ग्रॅमच्या एका पाटलीत शुद्ध सोनं 13.2 ग्रॅम. ते 22 कॅरटला (916, म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोनं) न्यायचं तर सुमारे 6.4 ग्रॅम नवं शुद्ध सोनं घालावं लागेल, म्हणजे अंगठीत आजीशिवायचं सोनंच पुष्कळ. त्याऐवजी 20 कॅरट (833) करा. तांबं-चांदीची भर फक्त 0.85 ग्रॅम लागते आणि एकूण सुमारे 15.8 ग्रॅम होतं. घट धरून तीन अंगठ्या पाच-पाच ग्रॅमच्या निघतात. 20 कॅरटला हॉलमार्क मिळतो, आणि थोडं कडक असल्यानं रोजच्या वापरात ते 22 पेक्षा जास्त टिकतं.

हिशेब मुद्दाम एकाच पाटलीचा दिला. दुसरी मोडू नका. तीन नातींत ती सणाला फिरती ठेवता येते. दोन्ही आटवल्या तर अंगठ्या दहा-दहा ग्रॅमच्या होतील, आणि तेवढं जड बोटात रोज कुणी घालत नाही.

घट किती धरायची आणि कानशीचा कीस कुणाचा, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. हॉलमार्क हवा असेल तर सोनार बीआयएसकडे (भारतीय मानक ब्यूरो) नोंदलेला असावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सक्तीचा आहे आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो.

पणजीची मोत्याची नथ. मोती बसऱ्याचे आहेत असं घरात म्हणतात. पिवळे पडलेत. माझं नाक टोचलेलं नाही. चापाची करून घेऊ का?
*एक वाचक, ठाणे*

नाकात जाणारी मूळ तार कापू देऊ नका. चाप वेगळा करून तिला अडकवता येतो का, हे आधी विचारा. जमत नसेल आणि तार बदलावीच लागली, तर काढलेली तार नथीबरोबर डबीत जपा, पुढे कुणी नाक टोचलं तर परत बसवता येईल. मोती ज्या बारीक तारेनं बांधलेत ती मात्र तुटायला आली असेल तर बदलाच. भोकं मोठी करायला नकार द्या, नवी तार जुन्या भोकाच्या मापाची हवी.

पिवळेपणा जात नाही. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, सोडा यांतलं काही लावू नका: मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लानं तो खाल्ला जातो आणि घासल्यानं झळाळी जाते. ओलसर सुती कापडानं पुसा, सावलीत वाळवा, मलमलीत गुंडाळा. हवाबंद प्लास्टिकमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका. दातावर घासून पाहिलं तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो, पण तो नैसर्गिक की संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला) हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतला एक्स-रेच लागतो.

मुलीचे बारशाचे चांदीचे वाळे आणि मनगट्या काळ्या पडल्यात. आता तिच्या बाळाला घालायच्या आहेत.
*एक वाचक, बेळगाव*

मनगट्यांतले काळे मणी दोऱ्यासकट काढून ठेवा. पातेल्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा, एक लिटर कडकडीत गरम पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा विरघळवून वर ओता. दोन-तीन मिनिटांत काळेपणा उतरतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, तो गंधकाचा. मुद्दाम काळवलेली नक्षी, खडे किंवा लाख असेल तर हा प्रयोग करू नका.

घुंगरात पाणी राहतं, म्हणून दिवसभर पालथे वाळवा. बाळाला घालण्याआधी घुंगरू एकेक ओढून पाहा. सैल असेल तर काढूनच टाका, कारण बाळ ते तोंडात घालणार. कडांवरून स्वतःचं बोट फिरवा, खरखर लागली तर सोनाराकडून गुळगुळीत करून घ्या. नंतर ठेवताना रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतो आणि जिथे रबर टेकतं तिथेच काळी रेघ उमटते.