रेडिएटरला जाळी लावण्याआधी

पोर्शची बॉक्स्टर किंवा पाण्यावर थंड होणारी ९११ घेतली की लोक आधी पॉलिश आणि अलॉय व्हील्सच्या मागे लागतात. तुम्ही आधी टॉर्च घेऊन पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं असतात, त्यांत डोकावून बघा. इंजिन मागच्या बाजूला असलं तरी रेडिएटर पुढच्या चाकांच्याही पुढे असतात, आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्यावजा पेट्या. म्हणजे उडालेल्या खड्याचा पहिला मार कंडेन्सरलाच.

खड्यांपेक्षा मला वाळक्या पानांची धास्ती जास्त. ती कोपऱ्यात साचतात, ओल धरून बसतात आणि ॲल्युमिनियमच्या पात्या खाऊन टाकतात. बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला लागते. खडे आणि पानं अडवायला त्या तोंडांवर जाळी लावतात, पण ती लावायच्या आधी बंपर उतरवून आतला कचरा काढून घ्या. कंडेन्सरचे स्क्रू काढून तो एसीचे पाइप न सोडता हलकेच पुढे ओढा. मधल्या फटीत काय काय निघतं ते बघाच! मऊ ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर, नळाचं पाणी पुरे. प्रेशर वॉशर अजिबात नको, पात्या दुमडतात.

जाळी ॲल्युमिनियमची चालते, स्टेनलेस स्टीलची जास्त टिकते. काळी घ्या, दिसत नाही. फार बारीक भोकांची मात्र घेऊ नका, हवा अडते. कडांना रबराची पट्टी लावा, नाहीतर रंग घासला जाईल. मग एसी चालू ठेवून एखादा लांब चढ चढा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा वर गेला तर जाळी बदला.